पराभवातून पुनर्बांधणी : मेलबर्न फुटबॉल क्लबची ५७ वर्षांची प्रतीक्षा

क्रिकेटमुळे मेलबर्न क्रिकेट ग्राउंड हे नाव भारतीय वाचकांच्या चांगलेच परिचयाचे आहे. डिसेंबर २०२० मध्ये अजिंक्य रहाणेने झुंजार शतक झळकावून भारताला कसोटी जिंकून दिली, ते हेच मैदान. मात्र, उन्हाळ्यातील क्रिकेट संपले, की मार्चपासून सप्टेंबरअखेरपर्यंत या मैदानावर राज्य असते ते वेगळ्याच खेळाचे. ‘ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल’ किंवा स्थानिकांच्या लाडक्या भाषेत ‘फूटी’. या खेळातील सर्वांत जुन्या क्लबपैकी एक असलेला मेलबर्न फुटबॉल क्लब १९६४ पर्यंत १२ वेळा विजेता ठरला होता. पुढचे विजेतेपद मिळवण्यासाठी त्याला २०२१ पर्यंत थांबावे लागले.

या ५७ वर्षांत क्लबने दिवाळखोरीचे सावट पाहिले, दुसऱ्या क्लबमध्ये विलीन होण्याची वेळ जवळजवळ येऊन ठेपली, जाणूनबुजून हरल्याच्या संशयावरून चौकशी झाली आणि एका सामन्यात तब्बल १८६ गुणांनी हार पत्करावी लागली. संघ नव्याने उभारण्याच्या घोषणा मात्र दर काही वर्षांनी होतच राहिल्या. त्यांपैकी एक प्रयत्न सपशेल फसला आणि दुसरा यशस्वी झाला. दोन्ही वेळी हाती असलेले साधन एकच होते. ते म्हणजे तळाच्या संघाला मिळणारा गुणवान तरुण खेळाडूंवरील पहिला हक्क. मग फरक कोठे पडला, हे या क्लबच्या इतिहासातून स्पष्ट होते.

खेळाची ओळख

हा खेळ क्रिकेटच्या लंबवर्तुळाकार मैदानावर, अंडाकृती चेंडूने खेळला जातो. प्रत्येक संघाचे १८ खेळाडू मैदानात असतात. चेंडू लाथेने मारता येतो, हातात धरून मुठीने सहकाऱ्याकडे टोलवता येतो. मात्र हाताने फेकता येत नाही. दोन्ही टोकांना प्रत्येकी चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांमधून लाथेने चेंडू धाडला, तर ‘गोल’ म्हणजे सहा गुण मिळतात. बाजूच्या खांबांमधून गेला, तर ‘बिहाइंड’ म्हणजे एक गुण. वीस मिनिटांचे चार भाग असतात आणि खेळ थांबलेला वेळ त्यांत भरून काढला जातो. साहजिकच धावफलक शंभरच्या घरात जाणे नेहमीचे आहे.

खेळाचा जन्मही क्रिकेटच्याच अंगणात झाला. क्रिकेटपटू टॉम विल्स यांनी १८५८ मध्ये एका वृत्तपत्राला पत्र लिहिले आणि हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे शरीर सुस्तावू नये यासाठी फुटबॉल क्लब काढण्याची सूचना केली. त्याच वर्षी मेलबर्न क्लबची सुरुवात झाली आणि मे १८५९ मध्ये विल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी खेळाचे पहिले दहा नियम लिहून काढले. पुढे १८९७ मध्ये व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचे सामने सुरू झाले. इतर राज्यांतील क्लब सामील झाल्यानंतर १९९० मध्ये त्या स्पर्धेचे नाव ‘ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग’ असे झाले.

सुवर्णकाळ आणि उतरती कळा

लाल-निळ्या पोशाखातील मेलबर्नच्या संघाला ‘डेमन्स’ म्हणून ओळखले जाते. प्रशिक्षक नॉर्म स्मिथ यांच्या काळात या संघाचा असा काही दरारा होता, की अंतिम लढतीत मेलबर्न असणार हे जणू गृहीतच धरले जाई. १९५५, १९५६, १९५७, १९५९, १९६० आणि १९६४ अशी सहा विजेतेपदे स्मिथ यांनी मिळवून दिली.

त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत चित्र पालटले. १९६४ च्या विजयानंतर कर्णधार रॉन बॅरासी कार्लटन क्लबकडे गेले. जुलै १९६५ मध्ये क्लबच्या व्यवस्थापनाने स्मिथ यांना पत्र पाठवून पदावरून दूर केले. जनक्षोभ उसळताच काही दिवसांत त्यांना परत बोलावण्यात आले. पण तुटलेले मन आणि विस्कटलेली घडी पुन्हा जुळली नाही. १९६५ ते १९८६ या २२ मोसमांत मेलबर्नला एकदाही बाद फेरी गाठता आली नाही. मेलबर्नच्या अपयशाला चाहते पुढे ‘नॉर्म स्मिथ यांचा शाप’ म्हणू लागले. शापाची कथा बाजूला ठेवली, तरी एक गोष्ट उरतेच. क्लबचे पहिले पतन खेळाडूंच्या अभावामुळे नव्हे, तर व्यवस्थापनाच्या एका निर्णयामुळे सुरू झाले.

बॅरासी १९८१ मध्ये प्रशिक्षक म्हणून परतले. पाच मोसमांत त्यांना संघाला बाद फेरीत नेता आले नाही. पण त्यांच्याच काळात क्लबने आयर्लंडमधील गेलिक फुटबॉल खेळणाऱ्या तरुणांचा शोध सुरू केला. त्यातून डब्लिनचा जिम स्टाइन्स मेलबर्नमध्ये आला. १९८७ च्या उपांत्य लढतीत शेवटच्या क्षणी त्याच्या हातून नियमभंग झाला, हॉथॉर्नच्या गॅरी बकेनारा याला गोलाच्या अधिक जवळून लाथ मारण्याची संधी मिळाली आणि मेलबर्नचा संघ दोन गुणांनी हरला. त्याच स्टाइन्सने १९९१ मध्ये लीगमधील सर्वोत्कृष्ट खेळाडूचे ‘ब्राउनलो पदक’ पटकावले आणि पुढे सलग २४४ सामने खेळण्याचा विक्रम केला. क्लबच्या पुनर्बांधणीत त्याचे नाव आणखी एकदा येणार होते.

संघाने १९८८ आणि २००० मध्ये अंतिम फेरी गाठली. पहिल्या वेळी हॉथॉर्नने ९६ गुणांनी, तर दुसऱ्या वेळी एसेंडनने ६० गुणांनी धुव्वा उडवला.

विलीनीकरणाचे सावट

मैदानावरील अपयश काही काळाने तिजोरीपर्यंत पोहोचते. १९९६ मध्ये मेलबर्न आणि हॉथॉर्न यांच्या विलीनीकरणाचा प्रस्ताव पुढे आला. ‘मेलबर्न हॉक्स’ हे नावही ठरले. मेलबर्नच्या सभासदांनी निसटत्या बहुमताने होकार दिला. मात्र हॉथॉर्नच्या सभासदांनी प्रस्ताव ठामपणे फेटाळला आणि मेलबर्नचे स्वतंत्र अस्तित्व प्रतिस्पर्ध्याच्या नकारामुळे टिकले.

ही भीती पोकळ नव्हती. त्याच वर्षाच्या अखेरीस जुना फिट्झरॉय क्लब ब्रिस्बेनमध्ये विलीन झाला आणि लीगमधील त्याचे स्वतंत्र स्थान संपले. याच फिट्झरॉयने १९७९ मध्ये मेलबर्नला १९० गुणांनी हरवून लीगच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या विजयाचा विक्रम केला होता. सतरा वर्षांत विक्रमवीर नाहीसा झाला आणि पराभूत क्लब कसाबसा तग धरून राहिला.

तळाच्या संघाला पहिला हक्क

युरोपातील फुटबॉलप्रमाणे या लीगमध्ये तळाचा संघ खालच्या श्रेणीत ढकलला जात नाही. इंडियन प्रीमियर लीगसारखा लिलावही होत नाही. १९८६ पासून येथे ‘ड्राफ्ट’ पद्धत आहे. मोसमाअखेर देशभरातील होतकरू खेळाडूंमधून क्लब एकामागोमाग एक निवड करतात आणि या निवडीचा क्रम गुणतालिकेच्या उलट असतो. म्हणजे शेवटच्या संघाला पहिली निवड आणि विजेत्याला फेरीतील अखेरची. शिवाय खेळाडूंच्या एकूण मानधनावर कमाल मर्यादा असते. श्रीमंत क्लबाने सगळेच तारे विकत घेऊ नयेत आणि प्रत्येक शहरातील चाहत्याला कधी ना कधी आशा बाळगता यावी, हा त्यामागचा हेतू.

कुणाचा मुलगा वडिलांच्या जुन्या क्लबकडून खेळू इच्छित असेल, तर त्याला सवलत देणारा ‘पिता-पुत्र’ नियमही आहे. मात्र त्यासाठी वडिलांनी त्या क्लबकडून ठराविक सामने खेळलेले असावे लागतात.

या पद्धतीत एक खोच होती. २००९ च्या सुमारास लागू असलेल्या नियमानुसार सलग दोन मोसमांत चारपेक्षा अधिक सामने न जिंकणाऱ्या संघाला पहिल्या फेरीच्याही आधी एक जादा निवड मिळत असे. म्हणजे ठराविक मर्यादेपलीकडे एक सामना जिंकणे हे क्लबच्या भविष्याला महाग पडू शकत होते. दुर्बलांना आधार देण्यासाठी केलेला नियम दुर्बल राहण्याचे बक्षीसही ठरू लागला.

फसलेला प्रयोग

संघाने २००८ मध्ये तीन सामने जिंकले आणि तळाचे स्थान पटकावले. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर जॅक वॉट्सची निवड झाली. पुढच्या मोसमात चार विजय आणि पुन्हा तळाचे स्थान. त्यामुळे २००९ च्या ड्राफ्टमधील पहिल्या दोन्ही निवडी मेलबर्नला मिळाल्या. टॉम स्कली आणि जॅक ट्रेंगोव्ह या दोन तरुणांकडे क्लबचे भवितव्य म्हणून बोट दाखवले जाऊ लागले.

याच मोसमात रिचमंडविरुद्ध एक सामना असा झाला, की त्याची चर्चा पुढे अनेक वर्षे चालली. आघाडीवर असलेला मेलबर्नचा संघ, शिटी वाजल्यानंतर रिचमंडच्या जॉर्डन मॅकमेहनने मारलेल्या गोलामुळे हरला. एखादा सामना हरल्याने दुःख व्हावे, की दिलासा वाटावा, अशा पेचात चाहते सापडले. माजी खेळाडू ब्रॉक मॅक्लीन याने २०१२ मध्ये दूरचित्रवाणीवर केलेल्या विधानांनंतर लीगने २००९ च्या मोसमाची चौकशी सुरू केली. फेब्रुवारी २०१३ मध्ये तिचा निकाल लागला. संघ जाणूनबुजून हरल्याचे सिद्ध झाले नाही. मात्र अधिकाऱ्यांच्या वर्तनाबद्दल क्लबला पाच लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. तत्कालीन प्रशिक्षक डीन बेली आणि फुटबॉल विभागाचे प्रमुख ख्रिस कॉनोली यांना निलंबनाची शिक्षा देण्यात आली. चौकशी सुरू होण्याआधीच, २०१२ मध्ये आपोआप मिळणारी जादा निवड रद्द करून ती लीगच्या मर्जीवर सोपवण्यात आली होती.

दंडापेक्षा मोठे नुकसान मात्र वेगळे होते. पराभवाची सवय लागलेल्या संघात आलेल्या मुलांना शिकवण्यासाठी अनुभवी खेळाडू पुरेसे उरले नव्हते. शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या वॉट्सचे पदार्पण जून २००९ मध्ये कॉलिंगवूडविरुद्ध मोठ्या गर्दीपुढे झाले. तेव्हापासून त्याची प्रत्येक चूक क्लबच्या भविष्याच्या तराजूत तोलली गेली. स्कलीने २०११ च्या अखेरीस नव्याने स्थापन झालेल्या ग्रेटर वेस्टर्न सिडनी क्लबची वाट धरली. ट्रेंगोव्हकडे २०१२ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, जॅक ग्राइम्ससह कर्णधारपद सोपवण्यात आले; पुढे पायाच्या दुखापतीने त्याची उमेदीची वर्षे खाल्ली. देशातील सर्वोत्तम तीन तरुण हाती येऊनही क्लब जागच्या जागीच राहिला.

१८६ गुणांचा पराभव

तीस जुलै २०११ रोजी जिलाँग येथील कार्डिनिया पार्क मैदानावर यजमान संघाने २३३ गुण केले, मेलबर्नने ४७. लीगच्या इतिहासातील हा दुसरा सर्वांत मोठा पराभव. पहिल्या क्रमांकावरील पराभवही मेलबर्नच्याच नावावर असल्याने जखमेवर मीठ चोळले गेले. दुसऱ्याच दिवशी बेली यांना पद सोडावे लागले.

या काळात क्लबच्या अध्यक्षपदी जिम स्टाइन्स होते. २००८ मध्ये त्यांनी सूत्रे हाती घेतली तेव्हा क्लबवर सुमारे ५० लाख डॉलरचे कर्ज होते. पुढच्याच वर्षी त्यांना कर्करोगाचे निदान झाले. उपचार घेत असतानाही त्यांनी सभासद आणि हितचिंतकांकडून निधी उभारला आणि २०१० मध्ये क्लब कर्जमुक्त झाल्याचे जाहीर झाले. मार्च २०१२ मध्ये वयाच्या ४५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मैदानावरील यश त्यांना पाहता आले नाही. पण क्लब शिल्लक राहिला, तो बऱ्याच अंशी त्यांच्यामुळे.

बेली यांच्या जागी आलेल्या मार्क नील्ड यांच्या कारकिर्दीत तर आणखी घसरण झाली. ३३ सामन्यांत अवघे पाच विजय मिळाल्यानंतर जून २०१३ मध्ये त्यांना हटवण्यात आले. त्या मोसमात एसेंडनने मेलबर्नला १४८ गुणांनी हरवले. पूर्ण मोसमात संघाने दोनच सामने जिंकले. क्लबने जादा निवडीसाठी लीगकडे अर्ज केला आणि लीगने तो नाकारला. पुढील घडामोडी पाहता हा नकार इष्टापत्ती ठरला, असे म्हणावे लागेल.

घडी बसवणारा माणूस

एसेंडन क्लबचा कारभार अनेक वर्षे पाहिलेले पीटर जॅक्सन २०१३ मध्ये लीगच्या पुढाकाराने मेलबर्नचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. सुरुवातीला अनुत्सुक असलेल्या पॉल रूस यांना प्रशिक्षकपदासाठी राजी करणे, हे त्यांचे पहिले मोठे यश. रूस यांनी २००५ मध्ये सिडनीला ७२ वर्षांनंतर विजेतेपद मिळवून दिले होते. खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द मुख्यतः फिट्झरॉयमध्ये गेली होती. क्लब बुडतो म्हणजे काय होते, हे त्यांना कुणी सांगण्याची गरज नव्हती.

रूस यांनी चमत्काराचे आश्वासन दिले नाही. आधी गोल खाणे थांबवायचे, मग गोल करायला शिकायचे, असा त्यांचा क्रम होता. २०१३ च्या ड्राफ्टमधील दुसऱ्या क्रमांकाची निवड क्लबने देऊन टाकली आणि तिच्या बदल्यात लगेच खेळू शकेल असा डॉम टायसन आणि नवव्या क्रमांकाची निवड घेतली. त्या निवडीतून ख्रिश्चन सेलम संघात आला. दुसऱ्या क्रमांकावर गेलेला जॉश केली पुढे उत्तम खेळाडू ठरला, तरीही हा सौदा एक बदल दाखवत होता. एका मुलाच्या खांद्यावर सगळे ओझे टाकण्याऐवजी क्लब आता संघ घडवू लागला होता.

दुसरा निर्णय वारशाचा. सप्टेंबर २०१४ मध्येच रूस यांचे उत्तराधिकारी म्हणून सायमन गुडविन यांचे नाव जाहीर झाले. ॲडलेडचे माजी कर्णधार असलेल्या गुडविन यांनी २०१५ आणि २०१६ असे दोन मोसम रूस यांच्या हाताखाली काढले आणि २०१७ मध्ये सूत्रे स्वीकारली. प्रशिक्षक बदलला, पण खेळण्याची पद्धत आणि शिस्त मोडून पडली नाही. रूस यांच्या तीन मोसमांत विजयांचा आकडा चार, सात आणि दहा असा चढत गेला.

या काळात निवडलेले खेळाडू संघाचा कणा ठरले. २०१४ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर ख्रिश्चन पेट्राका आणि तिसऱ्यावर अँगस ब्रेशॉ, तर २०१५ मध्ये चौथ्या क्रमांकावर क्लेटन ऑलिव्हर. पेट्राकाचा पहिला मोसम गुडघ्याच्या दुखापतीत संपूर्ण वाया गेला. तरीही त्याला घाईने मैदानात उतरवले गेले नाही. माजी कर्णधार टॉड व्हायनी यांचा मुलगा जॅक पिता-पुत्र नियमानुसार आधीच दाखल झाला होता. २००६ पासून खेळणारा आणि पडत्या काळातही क्लब न सोडलेला नॅथन जोन्स २०१४ मध्ये कर्णधार झाला.

आणि एक खेळाडू पूर्वीपासूनच संघात होता. स्कली आणि ट्रेंगोव्ह यांच्याच ड्राफ्टमध्ये, २००९ मध्ये, ३४ व्या क्रमांकावर निवडलेला मॅक्स गॉन. दोन मीटरहून अधिक उंचीच्या या खेळाडूची सुरुवातीची वर्षे गुडघ्याच्या दुखापतींनी ग्रासली होती. पहिल्या दोन निवडींची चर्चा देशभर झाली. विजेतेपदाचा करंडक उंचावला तो चौतिसाव्या निवडीने.

दोन पावले पुढे, एक मागे

पुनर्बांधणीचा आलेख सरळ चढत गेला, असे मात्र नाही. २०१७ मध्ये बारा विजय मिळूनही अर्ध्या टक्क्याच्या फरकाने बाद फेरी हुकली. २०१८ मध्ये संघ २००६ नंतर प्रथमच बाद फेरीत पोहोचला, दोन सामने जिंकला आणि उपांत्य लढतीत वेस्ट कोस्टकडून ६६ गुणांनी पराभूत झाला. आता पुढचे वर्ष आपले, असे वाटत असतानाच २०१९ मध्ये अवघे पाच विजय आणि सतरावे स्थान पदरी पडले.

पूर्वीचा अनुभव पाहता या टप्प्यावर प्रशिक्षकाची उचलबांगडी होणे अपेक्षित होते. या वेळी व्यवस्थापनाने गुडविन यांना कायम ठेवले. बचाव फळीसाठी ॲडलेडहून जेक लिव्हर आणि गोल्ड कोस्टहून स्टीव्हन मे यांना आधीच आणण्यात आले होते. मे याच्यासाठी लाडका आघाडीवीर जेसी होगन गमवावा लागला होता. सतराव्या स्थानामुळे मिळालेल्या तिसऱ्या निवडीतून लूक जॅक्सन, तर बाराव्या निवडीतून चपळ कायसाया पिकेट दाखल झाला. २०२० मध्ये गॉन कर्णधार झाला. मुले तीच होती, पण आता त्यांच्या आजूबाजूला भक्कम, अनुभवी माणसे होती.

पर्थमधील रात्र

मेलबर्नने २०२१ च्या साखळीत १७ विजय मिळवले. अखेरचा साखळी सामना होता जिलाँगविरुद्ध, त्याच कार्डिनिया पार्कवर. ४४ गुणांनी पिछाडीवर पडलेल्या संघाने पाठलाग केला आणि शिटी वाजल्यानंतर गॉनने मारलेल्या गोलामुळे चार गुणांनी विजय मिळवला. १९६४ नंतर प्रथमच मेलबर्न गुणतालिकेत अव्वल ठरला. उपांत्य लढतीत पुन्हा जिलाँगशीच गाठ पडली आणि मेलबर्नने ८३ गुणांनी बाजी मारली.

करोनाच्या साथीमुळे मेलबर्न शहरात टाळेबंदी होती. त्यामुळे २५ सप्टेंबरची अंतिम लढत दूरवरील पर्थ येथे झाली. ५७ वर्षे वाट पाहिलेले बहुतेक चाहते घरातल्या दूरचित्रवाणी संचासमोर बसून होते. तिसऱ्या भागात वेस्टर्न बुलडॉग्जने १९ गुणांची आघाडी घेतली, तेव्हा अनेकांच्या मनात जुन्या भीतीने घर केले असेल. त्यानंतर मात्र मेलबर्नने गोलांची अक्षरशः बरसात केली. अंतिम धावफलक १४०-६६ असा होता. बेली फ्रिशने सहा गोल केले. अंतिम लढतीतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचे पदक पेट्राकाला मिळाले. हे पदक नॉर्म स्मिथ यांच्या नावाने दिले जाते आणि ते मिळवणारा पेट्राका हा मेलबर्नचा पहिलाच खेळाडू. शापाच्या कथेला यापेक्षा समर्पक शेवट मिळाला नसता.

तीनशेहून अधिक सामने खेळलेला नॅथन जोन्स मात्र मैदानात नव्हता. अंतिम संघात स्थान मिळण्याची शक्यता कमी असल्याने, पत्नीच्या बाळंतपणासाठी तो पर्थहून घरी परतला होता. ज्याने सर्वाधिक पराभव सोसले, त्याला विजयाचे पदक मिळाले नाही.

आशेचे चक्र

एका विजेतेपदाने दीर्घकाळ सत्ता गाजवता येईल, हा समज लवकरच दूर झाला. २०२२ आणि २०२३ मध्ये संघ बाद फेरीत पोहोचला. पण दोन्ही वर्षी एकही सामना न जिंकता बाहेर पडला. महिला संघाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्रिस्बेनला हरवून विजेतेपद पटकावले, हा त्या काळातील आनंदाचा क्षण. जॅक्सन फ्रीमँटलकडे गेला. डोक्याला झालेल्या दुखापतींमुळे ब्रेशॉला फेब्रुवारी २०२४ मध्ये निवृत्त व्हावे लागले. पुरुष संघ २०२४ आणि २०२५ मध्ये चौदाव्या स्थानी राहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये गुडविन यांना पदमुक्त करण्यात आले आणि २०२६ च्या मोसमापासून प्रशिक्षक म्हणून स्टीव्हन किंग यांची निवड झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये पेट्राका गोल्ड कोस्टकडे, तर ऑलिव्हर ग्रेटर वेस्टर्न सिडनीकडे गेला. विजेत्या संघाचा कणाच निघून गेल्याने क्लब पुन्हा पुनर्बांधणीच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिला.

इतर क्लबांचा अनुभवही याला पुष्टी देतो. २०१६ मध्ये तेराव्या स्थानी राहिलेल्या रिचमंडने प्रशिक्षक डेमियन हार्डविक यांच्यावर विश्वास कायम ठेवला आणि २०१७ मध्ये ३७ वर्षांचा दुष्काळ संपवला. पुढे २०१९ आणि २०२० मध्येही तो संघ विजेता ठरला. याउलट नॉर्थ मेलबर्न २०२० ते २०२४ या पाचही मोसमांत शेवटच्या दोन स्थानांतच राहिला. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये त्याने पहिल्या क्रमांकावर निवडलेला जेसन हॉर्न-फ्रान्सिस एकाच मोसमानंतर पोर्ट ॲडलेडकडे निघून गेला. स्कलीच्या प्रकरणाची ही जणू पुनरावृत्तीच.

ड्राफ्टमुळे गुणवान खेळाडू मिळतो. तो टिकवणे आणि घडवणे हे क्लबचे काम राहते. स्थिर व्यवस्थापन, मुलांना सांभाळून घेणारे ज्येष्ठ खेळाडू आणि वाईट वर्षातही न डगमगणारा संयम या तीन गोष्टी कोणत्याही क्रमांकाच्या निवडीतून मिळत नाहीत. २००९ मध्ये मेलबर्नकडे पहिल्या दोन निवडी होत्या, पण या तिन्ही गोष्टी नव्हत्या. २०२१ मध्ये त्या होत्या. किंग यांच्या कारकिर्दीचे मोजमाप पहिल्या मोसमातील विजयांपेक्षा याच कसोटीवर करणे योग्य ठरेल.

मेलबर्न क्लब : ठळक टप्पे

१८५८ – क्लबची सुरुवात
१९६४ – बारावे विजेतेपद
१९६५ – नॉर्म स्मिथ यांची हकालपट्टी आणि पुनर्नियुक्ती
१९८७ – २३ वर्षांनंतर बाद फेरीत प्रवेश
१९९६ – हॉथॉर्नशी विलीनीकरणाचा प्रस्ताव बारगळला
२००९ – ड्राफ्टमधील पहिल्या दोन्ही निवडी
२०१० – क्लब कर्जमुक्त
२०११ – जिलाँगकडून १८६ गुणांनी पराभव
२०१३ – पाच लाख डॉलरचा दंड; पॉल रूस यांची नियुक्ती
२०१७ – सायमन गुडविन प्रशिक्षकपदी
२०२१ – तेरावे विजेतेपद
२०२२ – महिला संघाला विजेतेपद
२०२५ – गुडविन पदमुक्त. स्टीव्हन किंग यांची निवड